वरची काच

मे महिन्यातल्या एका रणरणत्या दुपारी, सोलापूरच्या मंगळवार बाजारात ईश्वरप्पाच्या भंगाराच्या ढिगात मी वाकून हात घातला. एका जाड गोल काचेवर माझी बोटं टेकली, आणि नेमकी त्याच वेळी तिच्या शेजारच्या काचेवर दुसऱ्या कुणाची तरी बोटं टेकली.

लांबसडक बोटं, नखांत यंत्राचं तेल. मी मान वर केली. घामाने पाठीला चिकटलेला शर्ट, हाताशी धरलेली सायकल, आणि डोळे... डोळे माझ्या हातातल्या काचेवर. मला ते जरा लागलंच. बावीस वर्षांची मुलगी समोर उभी असताना माणसाने काचेकडे टक लावून बघावं? पण खरं सांगायचं तर मीही त्याच्या हातातल्या काचेकडेच बघत होते.

"दोन्ही मला पायजेत," तो म्हणाला.

"मलाही दोन्हीच हव्यात."

ईश्वरप्पाने आम्हा दोघांकडे बघितलं. बोटीच्या खिडक्यांच्या काचा होत्या त्या, मुंबईहून लोखंडाबरोबर आलेल्या. वर्षभर कुणी विचारलं नव्हतं, आणि आज दोघं एकदम आली. त्याने फार डोकं चालवलं नाही. "एक तू घे तंगी, एक ह्यो घेईल. भांडता कशाला?" कानडीत मला धाकटी बहीण म्हणत त्याने दोघांकडून पैसे घेतले आणि मोकळा झाला.

म्हणजे आता एक वीतभर काच माझ्याजवळ, एक त्याच्याजवळ, आणि दोघांच्याही काचेचा उपयोग शून्य. कारण आम्ही दोघांनी एकाच मराठी मासिकात एकच लेख वाचला होता. दोन जाड काचा घ्यायच्या, एकीवर दुसरी ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून घासत राहायचं. हळूहळू वरची काच मधोमध खोलगट होते आणि खालची तितकीच फुगते. वरचीला मग चकाकी आणायची, चांदीचा थर द्यायचा, की झाला दुर्बिणीचा आरसा. एकटी काच असली तर कागदावर ठेवायच्या कामाची.

रसवंतीच्या सावलीत आमची बोलणी झाली. तो जवळच्या कुंभारी गावचा. घरी शेती, पण हा पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर झाला होता. नाव हिंदुराव.

"एवढ्या तरण्या माणसाचं नाव हिंदुराव?" मला राहवलं नाही.

"आज्याचं हाय. नाव मोठं आन् माणूस लहान, जरा सांभाळून घ्या की बाई."

बाई म्हणायचं कारण मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. आणि मला तो आरसा का हवा होता, तेही सांगते. शिक्षकांच्या खोलीत मी एकदा म्हणाले होते की मुलींना शनीचं कडं डोळ्यांनी दाखवायला हवं. मोठ्या बाई हसल्या. म्हणाल्या, असली यंत्रं परदेशातून येतात, तुम्ही आपलं फळ्यावर चित्र काढा. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून बसले की आरसा सोलापुरातच घासला जाईल, आणि तो मी घासेन. एकदा बोलले म्हणजे बोलले. मी तशीच आहे.

त्याला का हवा होता, हे मी विचारलं. तो जरासा घुटमळला. "कारखान्यात दिवसाला शेकड्यानं टॉवेल निघत्यात. चांगलेच हायत... पण त्यातला एक बी माझा न्हाय. एक वस्तू पायजे, जी दाखवून म्हणता येईल, ही माझी."

इथे मला तो पहिल्यांदा आवडला. अर्थात मी ते दिसू दिलं नाही, कारण खरं भांडण पुढेच होतं. वर कुणाची काच ठेवायची? वरची होणार आरसा. खालची राहणार नुसतं हत्यार.

"माझी वर," मी म्हणाले. "काम माझ्या घरी होणार. नाहीतर एकटी मुलगी कुंभारीला येऊन घासत बसणार आहे का?"

त्याने रसाचा पेला संपवला, तोंड पुसलं. "बरं. तुमची वर. पण दोन अटी. तयार झाल्यावर पहिला डोळा मी लावणार. आन् काम झालं की ज्याची काच त्याला. माझी खालची मी घरी नेणार."

मला दोन्ही अटी सोप्या वाटल्या. तेव्हा वाटल्या.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी मात्र तिसरी अट तयार होती. माझे वडील, अण्णा, नगरपालिकेत हेडक्लार्क. पुण्याचं एक स्थळ त्यांनी मनात धरून ठेवलं होतं, मुलगा बँकेत अधिकारी. त्या मंडळींपुढे चहाचा ट्रे घेऊन जायला मी दोनदा नकार दिला होता. आरशाचं ऐकल्यावर अण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि फायलीवर शेरा मारावा तसं सांगितलं, की दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर काय घासायचं ते घासून घे. आरसा झाला की भाऊबीजेला पुण्याची मंडळी येतील, आणि तू त्यांच्यासमोर बसशील.

"आरसा झाला की बसेन," मी म्हणाले. शब्द दिला तो असा.

ओसरीवर विटांनी भरलेलं तेलाचं पिंप उभं राहिलं. त्याच्या डोक्यावर हिंदुरावांची काच लाकडी खुंट्यांत घट्ट बसवली, तिच्यावर चिमूटभर काळी पूड, पाण्याचे थेंब, आणि वर माझी काच. दोन्ही हातांनी धरून पुढे ढकलायची, मागे ओढायची, हातातल्या हातात जराशी फिरवायची, आणि आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. असं गोल गोल फिरत राहिलं तरच खोली सगळीकडून सारखी येते. एकाने घासायचं, दुसऱ्याने पूड-पाणी बघायचं, आणि हात भरून आले की अदलाबदल करायची.

रविवारी सकाळी त्याची सायकल दारात लागायची आणि गल्ली आपापल्या कट्ट्यावर येऊन बसायची. समोरच्या सुंदरम्मांनी तर पहिल्याच रविवारी आईला ओरडून विचारलं, "मुक्ताबाई, फेरे घालायलेत म्हणं, पण एक झाल्यावर एक? जोडीनं घालायचं सांगा की त्यास्नी." आई गहू निवडत ओसरीच्या पायरीवर बसलेली असायची, पहाऱ्याला. तिने तोंड वळवलं, पण मला तिचे खांदे हलताना दिसले. हिंदुरावांचे कान लाल झाले होते. माझ्या हातातली काच मात्र एकदाही थांबली नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

आधी आवाज यायचा खर्र... खर्र... दगडावर दगड ओढावा तसा. जाड पूड धुऊन काढायची, पिंप, हात, ओसरी सगळं धुवायचं, मग तिच्याहून बारीक पूड घ्यायची. आधीच्या पुडीचा एक कण जरी मागे राहिला तरी काचेवर ओरखडा. जून गेला, जुलै गेला, पूड मैद्यासारखी झाली आणि आवाज रेशमासारखा. बाहेर भुरभुर पाऊस असला की तो आवाज मुळीच ऐकू यायचा नाही. मग आम्ही दोघं काचेवर कान वाकवून ऐकायचो, आणि त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा वास यायचा.

"बाई, हात भरला असंल. द्या हिकडं."

"नाही भरला."

"मग थरथरतोय कशानं?"

"काच जड आहे."

"व्हय, व्हय. काचच जड हाय," तो म्हणाला, आणि अदलाबदल करताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली... किंवा माझी रेंगाळली असतील. ओली बोटं. पूडभरली. आईने गव्हातला खडा उचलून लांब फेकला, जरा जोरातच.

गणपतीनंतर चकाकीचं काम निघालं. राळ वितळवून खालच्या काचेवर तिचा थर दिला, सुरीने त्याच्या चौकोनी वड्या पाडल्या, आणि सोनाराकडची तांबडी पूड पाण्यात कालवून त्या थरावर आरसा घासायला लागलो. सगळं तांबडं व्हायचं. आमचे हात, ओसरी, त्याचा शर्ट. धूसर काच हळूहळू स्वच्छ होत गेली, आणि एका रविवारी तिच्यात मला माझं कपाळ दिसलं.

मग आरशाची तपासणी. तिला अंधार लागतो. एका टोकाला आरसा उभा करायचा, दुसऱ्या टोकाला डब्यात दिवा ठेवून डब्याला सुईचं भोक पाडायचं, आणि परत आलेला उजेड दाढीच्या पात्याने अर्धा कापत डोळा लावून बघायचं. काच कुठे उंच आहे, कुठे पडली आहे, सगळं सावलीत दिसतं. माजघराची दारं-खिडक्या लावून घ्यायचं ठरलं तशी आई गहू ठेवून उठली.

"अंधारात काय बघताय ते मला बी बघू दे," म्हणाली आणि आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये पाट टाकून बसली.

हिंदुरावांनी गंभीर चेहऱ्याने तिला पात्यामागे डोळा लावायला दिला. आईने दुसरा डोळा हाताने झाकला. मग हळूच म्हणाली, "अगं बाई... भाकरीवानी फुगलीय की. आन् कड पडलीय एका अंगानं." खोलगट काच तिला त्या सावलीत पोटात फुगलेली दिसत होती, आणि पडलेली कड तर मला दिसायच्या आधी तिला दिसली. त्या दिवसापासून ती पहाऱ्याला बसेनाशी झाली. ती आरसा बघायला बसायची. सुंदरम्मांना ऐकवायची, "आमचा आरसा आता कडंनं सुधारलाय." आमचा म्हणायची.

कड सुधारली. दसऱ्याच्या आधी आरसा इतका नीट आला की आणखी एकदोन रविवार पुरले असते. मला आनंद व्हायला हवा होता. पण रात्री अंथरुणावर पडले की वाटायचं, आरसा झाला की भाऊबीज. आरसा झाला की ज्याची काच त्याला. आणि रविवारी दारात सायकल नाही.

खंडेनवमीला सोलापुरात एकही माग चालत नाही. सगळी यंत्रं धुऊन-पुसून, झेंडू आणि हळदीकुंकू लावून गप्प उभी असतात. हिंदुराव कारखान्यात पूजेला गेले होते, मी शाळेत. आईने घरातली विळी पुजली, शिवणयंत्र पुजलं, आणि मग... आमचा आरसा तेवढा का राहावा? तिने आरशाची पेटी उघडली. आरशाला कुंकू लावलं. खालच्या काचेवर राळ होती, तीही आमच्या पुडीने आधीच तांबडी. पोरं दर रविवारी तांबडं लावतातच, असं मनात म्हणून तिने तिथेही कुंकवाची चिमूट वाहिली, अक्षता टाकल्या, हात जोडले.

रविवारी आरशावरचं कुंकू आम्हाला दिसलं, आम्ही हसलो आणि ते धुतलं. राळेतलं दिसलंच नाही. तांबड्यात तांबडं. बाजारच्या कुंकवात रेतीचे कण असतात, ते राळेत रुतून बसले होते. मी चार हात मारले असतील, तेवढ्यात काचेखालून बारीक किरर्र आलं.

मी आरसा उचलला. मधोमध ओरखडे. कमानीसारखे लांबलचक, मोजता न येण्याइतके.

हिंदुरावांनी राळेवरून बोट फिरवलं, बोटाला लागलेलं बघितलं, हुंगलं. त्याला कळलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून मलाही कळलं. तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली.

"काय झालं गं?"

"माझ्या हातनं झालं, काकू," तो पटकन म्हणाला. "कारखान्यातनं येताना हात धुवायचं राहिलं. माझीच चूक हाय."

आई आरशाकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. चहा ठेवून आत गेली. मी त्याच्याकडे बघितलं. पाच महिन्यांत हात न धुता त्याने काचेला कधी बोट लावलं नव्हतं, आणि ह्या माणसाने आपली सगळी मेहनत वाया गेलेली असताना माझ्या आईची मान खाली जाऊ दिली नाही. त्याच क्षणी मी त्याच्या प्रेमात पडले, किंवा आधीच पडलेली होते आणि मला तेव्हा समजलं.

"ऐका बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला. "ओरखड्यानं शनी काय अडत न्हाय. कडं दिसंल. आरसा झाला म्हणून सांगितलं तर खोटं न्हाय ते. तुमचा शब्द बी राहील, अण्णांचा बी."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटतंय ते... सोडा."

"मी सोडणार नाही," मी म्हणाले. "ओरखड्यांचा आरसा मी माझा म्हणून दाखवणार नाही. तुम्हाला एक वस्तू हवी होती ना, ही माझी म्हणायला? ती अशी? पुन्हा बारीक पुडीपासून घासायचं."

"म्हंजे आणिक चार महिने."

"मग? जमणार नाही?"

तो आधी पिंपाकडे बघून हसला, मग माझ्याकडे बघून. "चार महिने रविवारी हितं यायचं... लई अवघड हाय. पण सोसंन."

अण्णांना मीच सांगितलं. ते चिडले. चालढकल चालली आहे, म्हणाले, त्या पोराचा हात सुटला की सोडवला, कुणाला ठाऊक. मी उत्तर देणार तेवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"त्याचा हात न्हाय. माझं कुंकू," ती म्हणाली. "मला तवाच कळलं. त्यानं माझी चूक सवताच्या अंगावर घेतली, माझ्यादेखत. पुण्याच्या मंडळींत असला कोण असंल तर बोलवा खुशाल."

अण्णा उठून ओसरीवरच्या पिंपाशी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला कळवून टाकलं, की मुलगी तूर्त कामात आहे. त्या 'कामात'वर त्यांनी जरा जोर दिला असावा, असं मला आपलं वाटतं. पुढच्या रविवारी ते वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर आले आणि दोन तासांत एकही पान उलटलं नाही. शेवटी विचारलं, "मी दोन हात मारून बघू का?" हिंदुरावांनी आधी त्यांना हात धुवायला लावलं.

फेब्रुवारीत आरसा झाला. एक ओरखडा नाही, कड सरळ, सावली आईच्या भाषेत सगळ्या अंगानं सारखी. हिंदुरावांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून त्यावर चांदीचा थर चढवून आणला, लाकडी नळी त्याने कारखान्याच्या सुताराकडून करून घेतली. शनी त्या दिवसांत संध्याकाळीच उगवत होता. आमच्या गच्चीवर माझा अख्खा वर्ग आला. मोठ्या बाई आल्या, शाल पांघरून. सुंदरम्मा खुर्ची घेऊन आल्या.

ठरल्याप्रमाणे पहिला डोळा त्याचा. तो वाकला. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी. तो हलेना.

"दिसतंय का?" मी विचारलं.

तो बाजूला झाला. डोळे भरलेले होते, आणि ते पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याने नुसता हात केला, या म्हणून.

मी डोळा लावला. काळोखात एक पिवळसर मणी, आणि त्याच्या भोवती कडं. चित्रात असतं तसंच, फक्त खरं. थरथरत होतं, जिवंत असल्यासारखं. आमच्या ओसरीवर, आमच्या हातांनी घासलेल्या काचेत शनी येऊन बसला होता. माझी मान अशी ताठ झाली की मला बाजूला होऊन मुलींना जागा द्यायचंही भान राहिलं नाही.

मुली रांगेने बघत गेल्या. मोठ्या बाईंनी बघितलं, पुन्हा बघितलं, आणि विचारलं की आरसा कुठला. "शुक्रवार पेठेतला," मी म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सोमवारी सगळ्या शाळेसमोर याविषयी बोलायला सांगितलं. आईने बघितलं आणि सुंदरम्मांना कड कशी बघायची ते शिकवलं. सगळ्यात शेवटी अण्णा. ते इतका वेळ बघत राहिले की शनी सरकून नळीबाहेर गेला असणार. मग चष्मा लावत त्यांनी हिंदुरावांना विचारलं, "कुंभारीला तुमच्या घरी कोण कोण असतं?"

मुलीचा बाप हा प्रश्न कधी विचारतो, हे गच्चीवरच्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक होतं. मुली खुसखुसल्या. हिंदुरावांना आपल्या आईचं नाव आठवायला वेळ लागला. सोनाबाई, तो म्हणाला, कसंबसं.

माणसं पांगली. आई सगळ्यांना कॉफी द्यायला खाली गेली, आणि आज पहिल्यांदाच तिने जिन्याचं दार उघडं आहे की नाही ते बघितलं नाही. गच्चीवर दुर्बीण, तो आणि मी.

"काम झालं," तो म्हणाला. "ठरल्यापरमाणं... माझी खालची काच न्यायला आलोय."

"न्या की. पण ती काच आता जगातल्या कुठल्याच काचेशी जुळायची नाही. फक्त माझ्या काचेशी जुळेल. इतके महिने घासलीय."

"ठावं हाय मला."

"मग ती न्यायची तर आरसाही न्यावा लागेल." मी मान वर केली. "आणि आरसा माझ्याशिवाय कुठे जात नाही."

तो दोन पावलं पुढे आला, आणि दुर्बिणीच्या नळीवर ठेवलेल्या माझ्या हातावर त्याने आपला हात ठेवला. या वेळी कुणाचा हात रेंगाळतोय, हा प्रश्नच नव्हता.

"नेईन," तो म्हणाला. "दोन्ही एकदम."

"एक लक्षात ठेवायचं. वरची काच माझी होती."

"ते तू मला जलमभर विसरू देशील व्हय, प्रेमला?"

नऊ महिने मी बाई होते. आज पहिल्यांदा प्रेमला झाले. खालून अण्णांचा आवाज येत होता. गल्लीतल्या कुणाला तरी ते सांगत होते, की होय, घरीच घासला, आमच्या पोरीनं आणि आमच्या हिंदुरावांनी.